'स्वच्छ' पुस्तकाचा दाखला

आमच्या धर्मग्रामाच्या वाचनालयात एक जुनी वहिवाट आहे. देणगीदाखल आलेले कोणतेही पुस्तक कपाटात जाण्यापूर्वी समितीच्या एका सभासदाने ते वाचावे आणि पहिल्या कोऱ्या पानावर शेरा लिहून खाली सही करावी. २०१० सालच्या पावसाळ्यात एका कुटुंबाने अमेरिकेहून आलेली चार जाडजूड इंग्रजी पुस्तके वाचनालयाला दिली. मुखपृष्ठे काळीभोर; पहिल्यावर दोन गोऱ्यापान हातांच्या ओंजळीत एक लालबुंद सफरचंद. समितीतील एका ज्येष्ठ सभासदांनी पुस्तके उघडण्यापूर्वीच निकाल दिला : रक्तपिपासू भुतांची पुस्तके देवळाच्या आवारात नकोत. मला त्यांचा राग आला. न वाचता पुस्तकाचा न्याय करणाऱ्यांविषयी माझ्या मनात पूर्वीपासून अढी आहे. मी चारही पुस्तके घरी नेली, तीन आठवड्यांत वाचून काढली आणि पुढच्या बैठकीत त्यांची मनापासून वकिली केली.

माझी वकिली सोपी होती. या पुस्तकांत शिवीगाळ नाही. नायक सतरा वर्षांचा दिसणारा तरुण, पण विवाहापूर्वी शरीरसंबंध नको असा आग्रह नायिकेचा नसून त्याचा आहे. चौथ्या पुस्तकात नायिका गर्भवती होते, तिच्या जिवाला धोका आहे असे सारे सांगतात, तरी ती गर्भपाताला ठाम नकार देते. 'आपल्या मुलींनी असे पुस्तक वाचायचे नाही, तर मग कोणते वाचायचे?' असा सवाल मी टाकला आणि सर्वांना तो पटला. त्या ज्येष्ठ सभासदांनाही पटला. मी चारही पुस्तकांवर लिहिले : 'वाचले. हरकत नाही.'

सुजाण वाचकहो, हा लेख त्या सहीविरुद्ध आहे.

ज्यांच्या घरी वयात आलेल्या मुली नाहीत त्यांच्यासाठी थोडी माहिती देणे भाग आहे. स्टेफनी मेयर या अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात राहणाऱ्या गृहिणीला जून २००३ मध्ये एक स्वप्न पडले : रानातल्या मोकळ्या जागेत एक मुलगी आणि सूर्यप्रकाशात चमचमणारा एक व्हॅम्पायर समोरासमोर उभे आहेत, त्याचे तिच्यावर प्रेम आहे आणि तिच्या रक्ताची तहानही त्याला अनावर झाली आहे. सुमारे तीन महिन्यांत त्या स्वप्नाची कादंबरी झाली. 'ट्वायलाइट' २००५ साली प्रसिद्ध झाली; पाठोपाठ 'न्यू मून', 'एक्लिप्स' आणि २००८ साली 'ब्रेकिंग डॉन'. या शेवटच्या पुस्तकाच्या पहिल्याच दिवशी एकट्या अमेरिकेत तेरा लाख प्रती खपल्या. चारही भागांच्या मिळून जगभर दहा कोटींहून अधिक प्रती गेल्या आणि २००८ ते २०१२ या काळात त्यांवर पाच चित्रपट निघाले. कथा घडते वॉशिंग्टन राज्यातील फोर्क्स नावाच्या खऱ्याखुऱ्या गावी. लेखिकेने ते गाव पाहिलेही नव्हते. सूर्य सहसा न दिसणारे, सर्वाधिक पावसाचे ठिकाण शोधताना तिला ते नाव सापडले. बेला स्वान ही सतरा वर्षांची मुलगी तिथल्या हायस्कुलात येते आणि जीवशास्त्राच्या वर्गात एडवर्ड कलनच्या शेजारी बसते. एडवर्ड १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत शिकागो येथे मरणाला टेकलेला असताना व्हॅम्पायर झाला. तेव्हापासून त्याचे वय सतरावर थांबले आहे आणि तो निरनिराळ्या गावी पुनःपुन्हा शाळेतच जातो आहे.

हायस्कुलातील मुलगी आणि व्हॅम्पायर ही जोडी मेयरबाईंनी प्रथम जमवली असे मात्र नव्हे. एल. जे. स्मिथ यांच्या 'द व्हॅम्पायर डायरीज' या मालिकेचे पहिले पुस्तक १९९१ सालचे आहे. मेयरबाईंच्या यशानंतर तर अशा पुस्तकांची रीघच लागली. आपल्या देशातही २०१०-११ मध्ये 'प्यार की ये एक कहानी' नावाची हिंदी मालिका दूरदर्शन संचावर चालू होती. कॉलेज, पाऊस, फिकट चेहऱ्याचा नायक, सारे तेच. तेव्हा ही लाट दूरच्या किनाऱ्यावर फुटली आणि आपले पाय कोरडे राहिले असे कोणी समजू नये.

आता मुद्द्यावर येतो. प्रथम त्या ज्येष्ठ सभासदांच्या आक्षेपाचा विचार करू. कारण ते बरोबर नव्हते, पण मी समजलो तितके चुकीचेही नव्हते.

व्हॅम्पायर या कल्पनेशी ख्रिस्तसभेची ओळख जुनी आहे. अठराव्या शतकात मध्य व पूर्व युरोपातील गावांत थडग्यांतून मृत उठतात, जिवंतांचे रक्त शोषतात, अशा अफवा उठल्या. लोक प्रेते उकरून त्यांच्या छातीत खुंट ठोकू लागले. बेनेडिक्टाईन मठाधिपती ऑगस्टिन काल्मे यांनी या कथा गोळा करून १७४६ साली त्यांवर ग्रंथ लिहिला. पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी त्या मानवी कल्पनेचे खेळ म्हणून बाजूला सारल्या. १७५५ मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने आपले राजवैद्य खेरार्ड फान स्वीटन यांच्याकडून मोराव्हियातील अशा प्रकारांची शहानिशा करविली आणि प्रेतांची ही विटंबना कायद्याने बंद केली. भुताला भिऊन पुस्तक जाळणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवावा. श्रद्धावंतांची बाजू त्या काळी शहाणपणाची होती. नोव्हेंबरच्या दोन तारखेला ज्या थडग्यांवर आपण मेणबत्त्या लावतो, त्यांतल्या मृतांना शांतपणे झोपू द्यावे, एवढीच ती बाजू होती.

व्हॅम्पायर कादंबरीत आला तो मात्र क्रुसासह आला. ब्रॅम स्टोकर हा आयरिश प्रॉटेस्टंट लेखक. पण त्याच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला'मध्ये पिशाच्चाशी झुंजणारे डॉक्टर व्हॅन हेल्सिंग कॅथलिक आहेत आणि ते पवित्र ख्रिस्तप्रसाद बरोबर बाळगतात. त्यासाठी आपल्याकडे ख्रिस्तसभेची अनुज्ञा आहे असे सांगतात. ड्रॅक्युलाने विटाळलेल्या मीनाच्या कपाळाला ख्रिस्तप्रसादाचा स्पर्श होताच तिथे डाग उठतो आणि तो तिच्या सुटकेपर्यंत राहतो. ख्रिस्तप्रसादाचा असा वापर आपल्याला खटकेल, मलाही खटकतो. परंतु लेखकाला एक गोष्ट नेमकी उमगली होती. रक्ताचे दोन व्यवहार आहेत. एक दुसऱ्याचे रक्त पिऊन स्वतः जगण्याचा आणि दुसरा आपले रक्त देऊन दुसऱ्याला जगविण्याचा. लेवीयच्या पुस्तकात रक्त सेवन करण्यास सक्त मनाई आहे, कारण जीव रक्तात असतो. आणि योहानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू आपले रक्त प्यायला देतो, तेव्हा ऐकणारे पुष्कळसे शिष्य दचकून निघून जातात. ज्या वाचकाला हे दोन व्यवहार ठाऊक आहेत त्याला व्हॅम्पायर म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. तो ख्रिस्तप्रसादाचे विडंबन आहे.

या परंपरेतले मला सर्वांत अस्वस्थ करणारे पान स्टीफन किंग यांच्या १९७५ च्या 'सेलम्स लॉट'मध्ये आहे. (नारायण धारपांच्या 'लुचाई'ने ती कथा मराठी वाचकांच्या अंगणात आणून सोडली.) फादर कॅलाहन हे दारूच्या आहारी गेलेले धर्मगुरू क्रूस उंचावून व्हॅम्पायरासमोर उभे राहतात. क्रूस तेजाने उजळतो. व्हॅम्पायर त्यांना आव्हान देतो : क्रूस टाकून दे आणि नुसत्या श्रद्धेने माझ्यासमोर ये. फादर कचरतात, आणि त्याच क्षणी क्रुसावरचा उजेड मावळू लागतो. पुढे ते आपल्याच देवळाच्या दाराला हात लावतात तेव्हा हात भाजून निघतो. धर्मगुरूंचा यात अपमान आहे असे कोणी म्हणेल. मला तर हे प्रवचन वाटते. लाकूड आणि श्रद्धा यांतले अंतर इतक्या निर्दयपणे मी अन्यत्र वाचलेले नाही.

आता फोर्क्स गावी कलनांच्या घरात या. तिथेही क्रूस आहे. जिन्यावरच्या भिंतीवर टांगलेला, सतराव्या शतकातला, हाताने कोरलेला लाकडी क्रूस. एडवर्डला ज्याने व्हॅम्पायर केले तो डॉक्टर कार्लाइल मूळचा लंडनमधील एका अँग्लिकन पाळकाचा मुलगा. हा क्रूस त्या वडिलांच्या हातचा. कार्लाइलला तो भाजत नाही, दिपवत नाही, अडवतही नाही. वडिलांची आठवण म्हणून तो तिथे आहे. दिवाणखान्यातल्या जुन्या घड्याळासारखा. सूर्यप्रकाश इथे व्हॅम्पायराला जाळत नाही, तर त्याची त्वचा हिऱ्यासारखी चमकवतो. ज्या ज्या गोष्टींनी त्या प्राण्याला मर्यादा घातली होती त्या सगळ्या काढून घेतल्यावर उरतो तो फक्त देखणा, श्रीमंत, कधीही म्हातारा न होणारा, वेगात मोटार चालवणारा मुलगा. ज्येष्ठ सभासद भुताला घाबरले होते. घाबरण्याजोगे भूत या पुस्तकात शिल्लकच नाही, आणि खरी तक्रार तीच आहे.

याउलट एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. कार्लाइलने मनुष्यरक्त वर्ज्य केले आहे, तो व त्याचे कुटुंब प्राण्यांच्या रक्तावर राहतात. इतकेच नव्हे, तो रुग्णालयात रक्ताच्या वासात उभा राहून माणसांचे प्राण वाचवतो. हा संयम कमवायला त्याला दोन शतके लागली. प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस पाळताना ज्यांची तारांबळ उडते त्या आपल्यासारख्यांना ही कल्पना स्पर्श करून जाते. चारही पुस्तकांतली ती सर्वांत सुंदर कल्पना आहे. आणि लेखिका चौथ्या पुस्तकात तिचा स्वतःच गळा घोटते. बेला व्हॅम्पायर होते आणि पहिल्याच शिकारीला निघाली असता, माणसाचा वास आलेला असूनही, स्वतःला आवरून मागे फिरते. कार्लाइलला दोनशे वर्षे, बेलाला दोन तासही नाहीत! तपश्चर्येचे फळ तपश्चर्येवाचून पदरात पडते. मग त्या बिचाऱ्या डॉक्टरने दोन शतके काय केले?

हेच सूत्र सर्वत्र आहे. पहिल्या पुस्तकाच्या आरंभी उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातील वचन छापले आहे : बऱ्यावाईटाच्या ज्ञानाच्या झाडाचे फळ खाऊ नये, खाशील त्या दिवशी मरशील, या आज्ञेचे. मुखपृष्ठावरचे सफरचंद तेच. ते वचन पाहून मी २०१० साली खूश झालो होतो. बायबलचा आधार घेतलेले पुस्तक म्हणून बैठकीत त्याचा उल्लेखही केला होता. वचन तिथेच थांबत नाही हे माझ्या ध्यानात आले नाही. पुढच्याच अध्यायात सर्प स्त्रीला आश्वासन देतो की, तुम्ही काही मरणार नाही. चार पुस्तके संपताना खरे कोणाचे ठरते? बेलाने फळ खाल्ले. ती मेली नाही, आता कधीच मरणार नाही. सौंदर्य आले, बळ आले, नवरा, मूल, घर मिळाले आणि मानवी वडीलही सुटले नाहीत. अखेरच्या प्रकरणांत इटलीतून आलेली व्हॅम्पायरांची फौज समोर उभी ठाकते आणि बोलणी होऊन परत जाते. नायिकेच्या घरातल्या कोणालाही साधा ओरखडाही उठत नाही. 'ड्रॅक्युला' संपताना क्विन्सी मॉरिस हा तरुण मरून पडलेला असतो. मीनाच्या कपाळावरचा डाग पुसला गेला त्याची किंमत त्याने मोजलेली असते.

एडवर्डविषयी मला आजही आदर वाटतो तो एका कारणासाठी. बेलाला व्हॅम्पायर करण्यास तो तीन पुस्तकांभर नकार देतो, कारण आपल्याला आत्मा उरलेला नाही आणि तिचाही जाईल, अशी त्याला भीती वाटते. त्या साऱ्या गोतावळ्यात मुलीच्या आत्म्याची काळजी करणारा हा एकटाच. मुलीला स्वतःला ती काळजी क्षणभरही शिवत नाही. आपला आत्मा घेऊन टाक, तुझ्याशिवाय मला तो नको आहे, अशा अर्थाचे ती सांगते आणि पुस्तक ते प्रेमाचे शिखर म्हणून मांडते. पुढे प्रश्नच विरून जातो. त्याचे उत्तर कोणी देत नाही. सगळे सुखी झाल्यावर तो विचारायचे कोणाच्या लक्षात राहत नाही.

मी ज्याला 'स्वच्छ' म्हटले ते आता तपासू. एडवर्ड रात्री बेलाच्या नकळत तिच्या खोलीत शिरून तिला झोपलेली पाहत बसतो, एकदा नव्हे, कित्येक रात्री. कळल्यावर ती सुखावते. 'एक्लिप्स'मध्ये तिने जेकब या मित्राकडे जाऊ नये म्हणून तो तिच्या गाडीच्या इंजिनात बिघाड करून ठेवतो. त्यानंतर बहिणीला महागडी मोटार भेट देऊन तिच्याकरवी बेलाला घरात अडकवून ठेवतो. पुढे तो माघार घेतो, हे खरे. तोच जेकब बेलाचे बळजबरीने चुंबन घेतो. ती चिडून त्याच्या तोंडावर ठोसा मारते आणि तिचाच हात मोडतो. घरी आल्यावर हकिगत ऐकून तिचे वडील, जे गावचे पोलीसप्रमुख आहेत, त्या मुलाला शाबासकी दिल्यागत बोलतात. मी हे पान २०१० साली वाचले होते. बहुधा हसलोही होतो. शरीरसंबंध लग्नापर्यंत थांबला की नाही एवढेच मी मोजत होतो, आणि बापाच्या तोंडचे ते वाक्य माझ्या मोजणीत बसत नव्हते.

करोल वोयतीला, म्हणजे पुढचे पोप दुसरे जॉन पॉल, यांनी १९६० साली 'प्रेम आणि जबाबदारी' या विषयावर पुस्तक लिहिले. त्यांचा मुख्य सिद्धान्त असा की प्रेमाच्या विरुद्ध गोष्ट द्वेष नसून दुसऱ्या व्यक्तीचा वापर ही होय, आणि शुद्धता म्हणजे केवळ वर्ज्य करणे नव्हे, तर व्यक्तीकडे व्यक्ती म्हणून पाहण्याची क्षमता. हे पुस्तक आमच्या वाचनालयात होते. मी ते प्री-कानाच्या शिबिरांत उद्धृतही करीत असे. मग या कादंबऱ्यांपुढे मी ते का विसरलो? कारण मुलींच्या बाबतीत आपल्या समाजाने शुद्धतेचा अर्थ फार पूर्वीच एका घटनेपुरता आखडून टाकला आहे. ती घटना घडली नाही की आपण निश्चिंत. खिडकीतून कोण आत आले, मैत्रिणी कधी सुटल्या, नवरामुलगा कुठे कुठे जायला मना करतो, हे सारे 'काळजी' या सदरात जमा होते. मी विवाहपूर्व मार्गदर्शनात बसलेल्या मुलींकडून हा शब्द ऐकला आहे. 'तो खूप काळजी करतो, मला एकटीला कुठे जाऊ देत नाही.' सांगताना चेहरा उजळलेला असतो.

या स्वच्छतेच्या वंशावळीचा एक पुरावा तर छापील आहे. 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' या २०११ सालच्या कादंबरीचे नाव सर्वांनी ऐकले असेल. तिच्याविषयी इथे अधिक लिहिण्याची गरज नाही. ती मुळात 'ट्वायलाइट'च्या एका चाहतीने त्याच पात्रांवर रचलेली कथा होती. नावे बदलली, व्हॅम्पायराचे सुळे काढले, त्याला कोट्यधीश उद्योगपती केले. बाकीचे, म्हणजे बलाढ्य, पछाडलेला, नजर ठेवणारा पुरुष आणि त्याच्यापुढे विरघळणारी मुलगी, जसेच्या तसे चालले. ज्या दोन पुस्तकांपैकी एकाला आपण दाखला देतो आणि दुसऱ्याचे नावही घरात काढू देत नाही, त्यांचा सांगाडा एकच निघाला.

२००९ साली 'न्यू मून' चित्रपट आला तेव्हा परमपीठाच्या संस्कृतिविषयक परिषदेतील एका अधिकाऱ्यांनी त्यात नैतिक पोकळी आहे अशी टीका केली होती. आदर राखून सांगतो, मला ते निदान पटत नाही. पोकळीपाशी दहा कोटी माणसे थांबत नाहीत. या पुस्तकांत काहीतरी भरलेले आहे, आणि ते ओळखीचे आहे. लेखिका लॅटर-डे सेंट्स या पंथाची सश्रद्ध सभासद आहे. त्या पंथाच्या श्रद्धेनुसार मंदिरात जोडलेला विवाह अनंतकाळ टिकतो, आणि आदामाचे पतनही मानवाच्या प्रगतीतील आवश्यक पाऊल ठरते. ती आपल्या श्रद्धेशी प्रामाणिक राहिली. तिला दोष देता येत नाही. परंतु आपला विवाहसंस्कार मरणापर्यंतचा आहे. पुनरुत्थानानंतर कोणी लग्न करीत नाही असे प्रभूने सद्दुकींना स्पष्ट सांगितले. कॅथलिक वधूवर वेदीपुढे उभे राहतात तेव्हा त्या वचनात मरण उच्चारलेले असते, आजारपण उच्चारलेले असते. 'न्यू मून'ची सुरुवात आठवा. बेलाला अठरावे वर्ष लागते आहे. स्वप्नात तिला आपली आजी दिसते, आणि जवळ गेल्यावर कळते की ते आरशातले आपलेच सुरकुतलेले रूप आहे. ती घाबरून उठते. मरणाची तिला भीती नाही, व्हॅम्पायराची नाही. आजीसारखे दिसण्याची आहे.

हे पान वाचताना मला माझ्या आजीचे हात दिसायला हवे होते, लाल लुगड्याच्या पदराआड रोजरीचे मणी सरकवणारे. दिसले नाहीत. त्या वेळी मी कथेत गुंगलो होतो.

व्हॅम्पायर आणि हायस्कूल यांची सांगड घालूनही वेगळे काही करता येते. 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर' ही मालिका १९९७ ते २००३ या काळात अमेरिकेत दाखवली गेली. तिच्यात पुष्कळ काही असे आहे की आमच्या समितीने कधीच दाखला दिला नसता. पोशाख, भाषा, शरीरसंबंध, सर्व. नायिका शाळकरी मुलगी, तिचा प्रियकर एंजल हा आत्मा परत मिळालेला व्हॅम्पायर. त्यानेच दिलेला क्रूस तिच्या गळ्यात असतो, आणि त्याला मिठी मारताना तोच क्रूस त्याची छाती भाजतो. तिच्या सतराव्या वाढदिवसाच्या रात्री दोघे एकत्र येतात आणि त्याचा आत्मा पुन्हा नाहीसा होतो. प्रेमळ माणूस क्रूर होऊन तिच्या मैत्रिणीच्या जिवावर उठतो. मालिकेच्या त्या वर्षाच्या अखेरच्या भागात त्याला आत्मा परत मिळतो, तो तिला ओळखतो, आणि नेमके तेव्हाच जगाला वाचविण्यासाठी तिला त्याच्या छातीत तलवार खुपसावी लागते. ती खुपसते. बेलाचा अठरावा वाढदिवस आणि बफीचा सतरावा शेजारी ठेवून पाहा. ज्या कथेला मी दारातूनच परत पाठविले असते, तिच्यात क्रूस अजून भाजतो आणि मुलगी मोठी होते.

एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही, जरी ती थोडी आडवाटेची आहे. कादंबरीतला जेकब हा क्विलेट जमातीचा. ती जमात काल्पनिक नाही. फोर्क्सजवळ समुद्रकिनारी ला पुश येथे ते लोक राहतात, लांडग्यापासून आपली उत्पत्ती झाल्याची त्यांची आख्यायिका आहे. लेखिकेने त्यांना न विचारता ती उचलली आणि त्यांची मुले चिडल्यावर लांडगे बनतात असे करून टाकले. त्यांचे नाव लावलेले दागिने, कपडे जगभर विकले गेले. इतके चाहते ला पुशला येत होते तेव्हा त्या जमातीचे वृद्धनिवास आणि शाळा त्सुनामीच्या पट्ट्यात, समुद्राच्या तोंडाशी होती. उंचावर सरकण्यासाठी राष्ट्रीय उद्यानातील सुमारे ७८५ एकर जमीन त्यांना मिळावी असा कायदा २०१२ साली झाला. आपल्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतील वाचकांना यावर भाष्य नको. गावाचे नाव लोकांना आवडते, गावातली माणसे कुणाला दिसत नाहीत.

'मुलींना स्वप्नेही पाहू देणार नाही का?' असे मला आमच्याच घरातून विचारले गेले. हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. या पुस्तकांची टिंगल करणारे पुरुष मी पुष्कळ पाहिले आहेत. चमचमणाऱ्या व्हॅम्पायरावर विनोद करणे सोपे असते. तीच माणसे मारधाडीच्या चित्रपटांतल्या अशक्य नायकांवर हसत नाहीत. नवीन शाळेत आलेल्या, स्वतःला सामान्य समजणाऱ्या मुलीकडे कोणीतरी साऱ्या वर्गातून निवडून पाहावे, तिच्यासाठी थांबावे, आणि ते प्रेम संपू नये, ही भूक खरी आहे. अनंतकाळाची भूक तर आपणच तिला धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतो. तिचे उत्तर द्यायची वेळ आली की आपण 'जप' एवढेच सांगतो. मग ती ते उत्तर काळ्या मुखपृष्ठाच्या पुस्तकात शोधते, आणि आपण त्याच्यावर सही करतो.

मागच्या महिन्यात वाचनालयाच्या पुस्तकांची मोजदाद चालू असताना ती चार पुस्तके हाती आली. कोपरे झिजलेले, तिसऱ्याची बांधणी सुटलेली. मागच्या चिठ्ठीवर चौतीस नावे होती, सगळी मुलींची. त्यांतल्या काही आता आया आहेत. समितीत विषय निघाला, बाद करायची का? ज्येष्ठ सभासद आता हयात नाहीत. मी नको म्हटले. बांधणी करून आणायला सांगितली. वोयतीलांचे पुस्तक त्यांच्या शेजारी ठेवायला सांगितले, 'ड्रॅक्युला'ची एक जुनी प्रत घरून नेऊन दिली. पहिल्या पानावरच्या माझ्या शेऱ्यातले 'हरकत नाही' हे दोन शब्द चारही प्रतींत शाईने खोडले. 'वाचले' तेवढे राहू दिले आणि खाली पुन्हा तारीख घातली.